आठ महिन्यांत तीन ऑइल सील: अमळनेरमधल्या एका गळतीचं प्रकरण

माझा धंदा पंपांचा. विहिरीवरचे मोनोब्लॉक, बोअरमधले सबमर्सिबल, कधी एखादा जुना डिझेल पंप. गाड्या हा फक्त छंद, तोही स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या गाड्यांपुरता. आमच्या धंद्यात एक सवय हाडात मुरते. सील गेलेला पंप आला की नवं सील हातात घेण्याआधी शाफ्ट दोन बोटांत धरून हलवायचा. शाफ्ट खेळत असेल तर कितीही भारी सील टाका, पंधरा दिवसांत पाणी मोटारीत. ही सवय मी मामांच्या गाडीपाशी पोचताना दुकानातच विसरून गेलो होतो. त्याची ही हकीकत.

मामा निवृत्त एसटी ड्रायव्हर. गाडी तीन सिलिंडरची, पेट्रोलवरची, टायमिंग बेल्टवाली, सोळा वर्षांची. खानदेशात दर दुसऱ्या गल्लीत अशी एक सापडेल, म्हणून नाव घेत नाही. किलोमीटर ९२ हजार. क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं ऑइल सील, पुलीच्या मागे असतं ते तेल अडवणारं रबरी कडं, ऑगस्टमध्ये गावातल्या एका गॅरेजात बदललं होतं. एप्रिलमध्ये पुन्हा गळती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दहा दिवसांवर आली होती आणि मावसबहिणीला शिरपूरहून आणायचं होतं. मामांचा निकाल तयार होता : "जुनंच सील धुई-पुसीसन लाई दिन्हं त्यानी." मीही मान हलवली. गॅरेजवाल्यानं स्वस्तातलं सील टाकलं असणार, आपण चांगलं टाकू, विषय संपला. इथेच चुकलो.

मामींकडे मात्र वेगळी माहिती होती. ओट्यासमोरची फरशी त्याच पुसतात. म्हणाल्या, "रात्रभर उभी राहिली तरी फरशी कोरडी असते. हे बाजारातून आले की दोन थेंब. धुळ्याहून आले की भाकरीएवढा डाग." मी ते ऐकलं, हसलो आणि जॅक लावायला गेलो. नंतर कळलं की अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात नेमकं निरीक्षण तेच होतं. चेंबरचं, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचं, पॅकिंग गळत असेल तर तेल स्वतःच्या वजनानं खाली येतं, गाडी उभी असली तरी थेंब पडत राहतो. चालवल्यावरच आणि जोरात चालवल्यावर जास्त गळत असेल, तर तेलाला आतून कोणीतरी ढकलतंय.

गळती नेमकी कुठली

एवढं तरी मी नीट केलं. पुलीच्या बाजूला तेल दिसलं म्हणजे पुढचं सीलच गेलं असं नसतं. वर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग असतं, कॅमशाफ्टचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, सील असतं, ऑइल प्रेशरचा स्विच असतो, ऑइल पंपाचं पॅकिंग असतं. तेल खाली ओघळतं आणि फिरणारी पुली ते चहूकडे उडवते, त्यामुळे सगळंच ओलं दिसतं. रॉकेल आणि ब्रशनं ती बाजू धुतली, फडक्यानं कोरडी केली आणि घरातली टाल्कम पावडर भुरभुरली. मामा गाडी धरणगाव रस्त्यानं फिरवून आले. टॅपेट कव्हरची कड पांढरीच होती. टायमिंग कव्हरच्या खालच्या काठावर मात्र चिखल झाला होता, आणि बोनेटच्या आतल्या बाजूला पुलीच्या रेषेत तेलाचा एक सरळ पट्टा उमटला होता. पुढचं सील, यात शंका उरली नाही.

गळक्या सीलपेक्षा मोठी भीती टायमिंग बेल्टची, म्हणजे क्रँक आणि कॅमशाफ्ट ताळ्यात फिरवणाऱ्या दातेरी पट्ट्याची असते. तेलात भिजलेलं रबर फुगतं, दात सुटतात. ज्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत येतात तिथे बेल्ट निसटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. आमचं इंजिन त्यातलं आहे की नाही हे शोधत बसलो नाही. आहे असं धरूनच चाललो, कारण या बाबतीत चुकीचं धरण्याची किंमत एकाच बाजूला मोठी आहे.

उघडताना

काम पहाटे साडेपाचला धरलं. या दिवसांत अमळनेरला दहानंतर बोनेटखाली हात घालणं म्हणजे तव्यावर हात ठेवणं. पाना उन्हात राहिला तर उचलताना चटका बसतो.

हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, जॅकनं उचलून दोन स्टँड. मामांना स्टँड म्हणजे नसता उपद्व्याप वाटत होता, आयुष्यभर त्यांनी जॅकवरच चाकं बदलली. मी ठाम राहिलो. चाक बदलताना माणूस गाडीच्या बाहेर असतो, इथे खांद्यापर्यंत आत असतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, पुलीच्या बाजूचं पुढचं चाक उतरवलं, अल्टरनेटरचा पट्टा ढिला करून काढला.

पुलीचा मधला बोल्ट हा घरच्या माणसाचा पहिला शत्रू. तो सुटत नाही, कारण बोल्टाबरोबर अख्खं इंजिनच फिरतं. काही लोक लांब रॉड जमिनीला टेकवून स्टार्टरचा झटका देतात. बोल्ट सुटतो हे खरं, पण रॉड कुठे उडेल याचा भरवसा नाही. आम्ही गाडी टॉपच्या गिअरमध्ये टाकली, मामा ब्रेकवर उभेच राहिले म्हणा ना, आणि मी पंपाच्या जीआय पाइपचा तुकडा पान्याला चढवून ओढलं. दुसऱ्या झटक्यात बंदुकीसारखा आवाज आला. मामी बाहेर धावत आल्या.

मग गिअर न्यूट्रल. तिन्ही प्लग काढले म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरतं. क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवल्या आणि त्यावर मुलाच्या दप्तरातल्या व्हाइटनरनं रेघा ओढल्या. फिरवायचं ते इंजिन चालतं त्याच दिशेनं, उलटं नाही. मोबाइलवर फोटो काढले : बेल्ट, त्याला ताणून धरणारा टेन्शनर, क्रँकच्या दात्याला, म्हणजे दातेरी चाकाला, टेकलेली पत्र्याची चकती आणि तिचा फुगवटा कुठल्या बाजूला आहे तो. हा शेवटचा फोटो काढला नसता तर चकती पन्नास टक्के शक्यतेनं उलटी बसली असती.

बेल्ट हातात आला तो चपातीला तूप लावल्यासारखा. तो तिथेच बाजूला टाकला. टेन्शनरचं बेअरिंग कानाशी धरून फिरवलं तर बारीक खरखर. तेही नवीन आणायचं ठरलं. दात्याखालची अर्धचंद्राची चावी काढून लगेच काडेपेटीत ठेवली. खानदेशी अंगणात पडलेली चावी कोंबडीला सापडते, माणसाला नाही.

ज्या सीलनं विचारात पाडलं

सील काढताना शाफ्टला ओरखडा पडला तर नवं सीलसुद्धा आयुष्यभर गळणार. पेचकस घालून उचकटणं म्हणूनच धोक्याचं. सीलच्या लोखंडी अंगावर, शाफ्टपासून लांब, बारीक ड्रिलनं दोन भोकं पाडली. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावलं म्हणजे किस त्यालाच चिकटतो, आत जात नाही. दोन स्क्रू थोडे आत पिळले आणि पक्कडीनं आळीपाळीनं ओढले. सील सरळ बाहेर आलं.

आणि ते चांगलं निघालं.

ओठ मऊ, कुठे चीर नाही, मागची गोल स्प्रिंग जागेवर. वर छापलेलं माप बरोबर, फिरण्याच्या दिशेचा बाणही बरोबर. बिचाऱ्या गॅरेजवाल्यानं जुनं धुवून लावलं नव्हतं, चांगल्या प्रतीचं नवंच टाकलं होतं. उष्णतेनं कडक झालेलं सील बोटाखाली प्लास्टिकसारखं टकटकतं. साधं नायट्राइल रबर शंभर अंशांच्या वर सतत राहिलं तर वर्षानुवर्षांत तसं होतं. हे आठ महिन्यांचं, लवचीक. मग गळत का होतं?

तेव्हा कुठे पंपवाला जागा झाला. शाफ्ट बघितला. पुलीकडून धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवला, खेळ नव्हता. शाफ्टच्या पृष्ठभागावर सीलच्या ओठानं दोन बारीक पट्टे कोरले होते, एक मूळ सीलचा, एक आठ महिन्यांपूर्वीच्या सीलचा. नख आडवं फिरवलं. मूळ पट्ट्यावर नख अगदी हलकं अडखळलं, दुसऱ्यावर नाही. म्हणजे सील बसवताना ते आधीच्यापेक्षा आत, तळाला टेकेपर्यंत ठोकलं गेलं होतं. ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. काही ऑइल पंपांच्या घरात सीलच्या मागे तेल परत चेंबरला जाण्याची वाट असते. सील फार आत गेलं तर ती वाट अर्धी झाकली जाते आणि तेल सीलच्या ओठाशीच साचतं. आमच्या पंपात तशी खाच होती, अर्धी झाकलेली.

हे एक कारण मिळालं. पण मामींचा भाकरीएवढा डाग त्यानं पुरता सुटत नव्हता.

इंजिनात पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पोकळीत, निसटतो. नव्या इंजिनातही. त्याला बाहेर पडायला ब्रीदरची वाट दिलेली असते. एक नळी पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, म्हणजे हा वायू सोडणाऱ्या छोट्या झडपेतून, इनटेककडे, दुसरी टॅपेट कव्हरकडून एअर फिल्टरच्या डब्याकडे. त्या वाटा बंद झाल्या तर आतला दाब सगळ्यात कमजोर जागा शोधतो, आणि ऑइल सील ही ती जागा. सील तेल अडवण्यासाठी बनवलेलं असतं, दाब अडवण्यासाठी नाही. पंपातलं मेकॅनिकल सील दाब झेलतं, कारण त्याचे दोन कठीण चेहरे एकमेकांवर दाबून घासत असतात. हे नुसतं ओठाचं रबर.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. चांगला असेल तर आत खडखड वाजतं. हा मुका, आत काळा लोण्यासारखा गाळ. मामांची गाडी बहुतेक वेळा घर ते बाजार, बाजार ते मंगळग्रह मंदिर एवढीच. इंजिन पुरतं तापण्याआधी बंद होतं, आतली ओल उडून जात नाही आणि तिचा तेलाशी लगदा होतो. दुसरी नळी आणखी गमतीची. मूळ नळी कधीतरी फाटली असावी, तिच्या जागी कुणीतरी भलत्याच रबराच्या नळीचा तुकडा लावला होता. गरम तेलाच्या वाफेनं तो फुगून आतून जवळजवळ मिटला होता. करंगळीच काय, सुईसुद्धा मुश्किलीनं गेली असती. दोन्ही वाटा बंद. बाजारापर्यंत हळू गाडी, कमी वायू, दोन थेंब. धुळ्याच्या रस्त्यावर तासभर वेगात, दाब वाढलेला, भाकरी.

अमळनेर तसं तेलाचंच गाव. १९४५ साली इथे वनस्पती तेलाची जी कंपनी स्थापन झाली तिचीच पुढे विप्रो झाली. पण आमचं तेल कुठे मुरतंय हे फरशी पुसणाऱ्या बाईनं सांगितलं आणि आम्ही दोघा पुरुषांनी हसण्यावारी नेलं.

बसवताना मी केलेला घोळ

गावातल्या दुकानात त्या मापाचं एकच सील होतं. ते मी वाया घालवलं.

शाफ्ट आधी हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं पुसला. पेपर शाफ्टभोवती गोल फिरवायचा, लांबीच्या दिशेनं नाही. तिरके बारीक ओरखडे उरले तर फिरता शाफ्ट स्क्रूसारखा तेल बाहेर ओढतो. सील बसायची जागा चिंधीनं कोरडी केली. इथवर ठीक. मग सील शाफ्टवर चढवलं आणि लाकडी ठोकळ्यावर हातोडी मारत गेलो. एका बाजूनं आत गेलं, दुसरीकडून वर राहिलं. वरची बाजू ठोकली तर खालची उचलली. शेवटी पुन्हा ओढून काढलं आणि पाहतो तर मागची स्प्रिंग जागेवरून उडून बाजूला लोंबत होती, आणि चावीच्या खाचेच्या धारेनं ओठावर बारीक काप पाडला होता. हे सील तसंच बसलं असतं तर बाहेरून काहीच कळलं नसतं, कारण स्प्रिंग आतल्या बाजूला असते. गॅरेजवाल्याला नावं ठेवणारे आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो. मामींनी पन्हं आणून दिलं, काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जळगाव. सील दोन घेतली, या वेळी व्हायटॉनची. किंमत साध्याच्या दुपटीहून जास्त, पण रबर दोनशे अंशांच्या आसपास टिकणारं. दुकानदार रंग बघून व्हायटॉन ओळखा म्हणतात, त्यावर विसंबू नका. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. बाणही पाहा. असे तिरक्या रेघांचे ओठ एकाच दिशेला चालतात. पुलीच्या बाजूनं बघितलं तर बहुतेक इंजिनं घड्याळाच्या काट्यांसारखी फिरतात आणि क्लचच्या बाजूनं बघितलं तर उलटी, म्हणून पुढचं आणि मागचं सील मापानं सारखं असलं तरी एकमेकांच्या जागी चालत नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह, तेल सोसणारी ब्रीदर नळी, बेल्ट आणि टेन्शनर हेही घेतलं.

ठोकण्याचं हत्यार मात्र जळगाव जिल्ह्यात विकत घ्यावं लागत नाही. ठिबकच्या कामातले पीव्हीसी पाइपचे तुकडे माझ्या दुकानात पोत्यानं पडलेले. व्हर्नियरनं सीलचा बाहेरचा व्यास मोजला, त्याहून केसभर लहान बाहेरच्या व्यासाचा पाइप शोधला, लेथवर त्याचं तोंड काटकोनात कापून आणलं. हाताच्या करवतीनं कापलेलं तोंड तिरकं असतं आणि सीलही तिरकं बसतं.

या वेळी हातोडी लागलीच नाही. शाफ्टच्या टोकावर कोल्ड्रिंकच्या बाटलीचं प्लास्टिक गुंडाळलं, म्हणजे चावीची खाच झाकली जाते. सीलच्या मागच्या खोबणीत ग्रीस भरलं. ते स्प्रिंगला धरून ठेवतं. ओठाला इंजिन ऑइल लावलं. इथे एक पथ्य आहे : टेफ्लॉनच्या ओठाचं सील कोरडंच बसवायचं असतं, त्याला तेल लावायचं नाही. रबराच्याला लावायचं. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, सपाट छापील बाजू बाहेर. मग पाइपचा तुकडा, त्यावर जाड वॉशर, आणि पुलीचाच बोल्ट घालून पाव-पाव फेऱ्यांनी आवळत गेलो. सील लोण्यात सुरी जावी तसं सरकलं. व्हर्नियरच्या शेपटीनं चार ठिकाणी खोली मोजली, चारही सारख्या. तळापर्यंत नेलं नाही, घराच्या तोंडाशी सपाट ठेवलं. मूळ आणि गॅरेजच्या दोन्ही पट्ट्यांना चुकवून ओठ शाफ्टच्या कोऱ्या जागेवर आला, आणि तेलाची खाच मोकळी राहिली. नख जोरात अडकण्याइतकी खोल चर असती तर शाफ्टवर पातळ स्टेनलेसचं कडं चढवावं लागलं असतं.

पुढचं काम ओळखीचं. चावी, चकती, दाता, बेल्ट, टेन्शनर. खुणा जुळल्यावर क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवली. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. मध्ये कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. पुलीचा बोल्ट टॉर्क पान्यानं, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला. हा आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा आणि दुसऱ्याकडून ऐकून वापरायचा नसतो.

कागदाची परीक्षा

एक गोष्ट मला सलत होती. मी सीलची खोली आणि ब्रीदर, दोन्ही एकदमच बदलत होतो. गळती थांबली असती तरी कशामुळे थांबली हे सांगता आलं नसतं. गाडी उघडण्याआधीच तेलाचं झाकण काढून तोंडावर कागद ठेवून आतला दाब बघायला हवा होता. तो क्षण गेला होता.

म्हणून इंजिन जोडल्यावर मी जुनी मिटलेली नळी आणि मुका व्हॉल्व्ह परत लावले. मामा भडकले : "आते कशाला उलटा धंदा करी ऱ्हायना?" दोन मिनिटं द्या म्हटलं. इंजिन सुरू, तेल भरायचं झाकण काढलं, तोंडावर वहीचा कागद ठेवला. कागद फडफडत वर उडाला, खाली टेकेचना. इंजिन बंद केलं, नवी नळी आणि नवा व्हॉल्व्ह लावले, पुन्हा तोच कागद. या वेळी तो तोंडाला चिकटून बसला, हलक्या ओढीनं मध्ये किंचित खोलगट झाला. मामांनी स्वतः कागद उचलून पाहिला, सोडला, पुन्हा उचलला. मग मामींना हाक मारली.

इंजिन गरम होतं तेव्हाच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाबही मोजून घेतला. तीन सिलिंडरांत दर चौरस सेंटिमीटरला ११.५, ११ आणि ११.५ किलो. रिंगा ठीक. त्या गेल्या असत्या तर नवा ब्रीदरही पुरला नसता. मधल्या काळात कुणीतरी गळती थांबवायला जाड तेल भरलं होतं, ते काढून कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं टाकलं. काळं तेल कॅनमध्ये साठवून भंगारवाल्याला दिलं. शेजाऱ्यानं ते बैलगाडीच्या आसाला मागितलं होतं, पण त्याची गाडी आता रबरी चाकांची आणि बेअरिंगची आहे, हे त्याला आठवण करून द्यावं लागलं.

आखाजीला ताई आली. शिरपूरला जाऊन-येऊन गाडी ओट्यापाशी लागली, मामींनी बॅटरी घेऊन खाली पाहिलं. कोरडं.

तेव्हापासून मामी गाडीखाली पुठ्ठा सरकवतात आणि त्यावर तारीख टाकतात. दिवाळीपर्यंत दोन हजारांवर किलोमीटर झाले, पुठ्ठे स्वच्छ होते. नोव्हेंबरात एका पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग आला आणि मामांचा सकाळी सातला फोन : "सील गयं परत." मी निघायच्या आत मामींनी फोन घेतला. म्हणाल्या, "गाडी तीन दिवस हललेली नाही. हा उभ्या गाडीचा डाग आहे, तो नव्हे." बोनेट उघडलं तर टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यातून धार आली होती. पॅकिंग घेऊन ठेवलंय, रविवारी बदलतो.